नोकराचा परवाना, धन्याच्या नावे

आपल्या गावात आता असे घर विरळाच, की जिथला कोणी ना कोणी परदेशी गेलेला नाही. त्याच्याविषयी विचारले की घरची मंडळी दोन तऱ्हांनी उत्तर देतात. कोणी म्हणतात, "तो अमेरिकेला गेला." कोणी म्हणतात, "त्याला कंपनीने पाठवले." या दोन क्रियापदांतले अंतर आपण सहसा लक्षात घेत नाही. मला आज बोलायचे आहे ते या पाठवलेल्या माणसाविषयी.

हा प्रकार मुंबईला नवा नाही. १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली, तेव्हापासून तिथे उतरणारा प्रत्येक गोरा कारकून कंपनीला करारनामा लिहून देऊन, जामीन देऊन येत असे. कंपनीच्या परवान्यावाचून या देशात राहणाऱ्या इंग्रजाला ती उपरा ठरवी आणि गलबतावर बसवून परत धाडी. १८१३ साली ही पकड ढिली झाली आणि १८३३ च्या कायद्याने बहुतांशी सुटली. मात्र तेव्हा परवाना देणारी आणि नोकरी देणारी कंपनी एकच होती. पुढे परवाना सरकारच्या हाती गेला आणि कंपनी अर्जदार झाली. नोकर मात्र दोन्ही काळी ज्याच्याविषयी अर्ज करायचा तोच राहिला!

अमेरिकेची गोष्ट पाहा. तिथे देशवार कोटे होते. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला अवघी १०० माणसे आली, तर इंग्लंडचा भलामोठा कोटा पुरता भरतही नसे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून हे कोटे मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. गोष्ट न्यायाची होती. पण तिचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. युरोपातल्या शाखेतला आपलाच व्यवस्थापक मुख्य कचेरीत आणायचा म्हटले, तर तोही आता सर्वांच्या रांगेत उभा! वर, या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही, असा दाखला हवा. आता कंपनीत मुरलेल्या माणसाची जोड बाजारात कशी शोधावी?

कंपन्यांची ही अडचण अमेरिकन काँग्रेसने ऐकली आणि ७ एप्रिल १९७० रोजी कायदा दुरुस्त झाला. त्या एकाच दुरुस्तीने परवान्यांचे दोन नवे वर्ग जन्मास आले: अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूवरांसाठी 'के' आणि कंपनीने बदली केलेल्या नोकरासाठी 'एल'. वाग्दत्त वधू आणि बदलीचा साहेब एकाच पाळण्यात वाढले, याची मला मोठी गंमत वाटते. अट अशी, की नोकराने परदेशी त्याच कंपनीत वर्षभर चाकरी केलेली असावी आणि तो व्यवस्थापक तरी असावा, नाहीतर 'विशेष ज्ञान' असलेला तरी. अशी माणसे फार असणार नाहीत, अशी काँग्रेसची समजूत होती. म्हणून संख्येची मर्यादा घातलीच नाही.

'विशेष ज्ञान' हे दोन शब्द मात्र लवचिक निघाले. संगणकाचे युग आले आणि ज्ञान डोक्यात घेऊन विमानात बसणारी माणसे हजारोंनी तयार झाली. १९९० च्या कायद्याने 'एच-१बी' या दुसऱ्या परवान्यावर वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली आणि तिथल्या दराने पगार देण्याचे बंधनही. 'एल'वर यांपैकी एकही नाही. मग मुंबई, पुणे, बंगळूरच्या कंपन्यांनी तिकडे शाखा काढून हीच वाट धरली, यात नवल ते काय? परंतु पुष्कळदा नोकर कंपनीच्या कचेरीत न बसता गिऱ्हाइकाच्या कचेरीत बसू लागला. तिथल्या अमेरिकन कामगाराला आपल्या जागी येणाऱ्यालाच शिकवून नोकरी सोडावी लागल्याच्या तक्रारी २००३ साली काँग्रेसपुढे आल्या. आपल्याकडे त्या तक्रारींना मत्सर म्हणण्याची चाल आहे. मला ते पटत नाही. पोट त्यालाही होते. २००४ साली झालेला नवा कायदा ६ जून २००५ पासून लागू झाला आणि 'विशेष ज्ञान' असलेला माणूस दुसऱ्याच्या कचेरीत निव्वळ मनुष्यबळ म्हणून बसवण्यास बंदी झाली.

या भांडणात खुद्द पाठवलेल्या माणसाचे काय? परवाना कंपनीच्या अर्जावर मिळालेला. नोकरी गेली की त्याचा आधारच गेला. रस्त्यापलीकडच्या कंपनीने दुप्पट पगार देऊ केला, तरी या परवान्यावर तिथे जाता येत नाही. नोकरी सुटल्यावर आवराआवरीला ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू लागली तीही २०१७ च्या जानेवारीपासून.

आणि त्याच्याबरोबर गेलेली त्याची पत्नी? ती डॉक्टर असो, शिक्षिका असो, इंजिनियर असो, तिला पगाराचे काम करण्याची मनाई होती. १९७० ते २००२ अशी बत्तीस वर्षे! सून अमेरिकेत म्हणून सासूबाई इकडे पेढे वाटत होत्या आणि तिकडे सून आपली पदवी पेटीत ठेवून बर्फाकडे पाहत बसली होती. १६ जानेवारी २००२ च्या कायद्याने तिला कामाची मुभा मिळाली, पण त्यासाठी वेगळा अर्ज करून कार्डाची वाट पाहावी लागे. २०२१ च्या नोव्हेंबरात ती गरजही संपली.

मधल्या काळात करोनाची साथ आली. २२ जून २०२० रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या हुकुमाने 'एल'सह अनेक परवान्यांवरचा नवा प्रवेश थांबला. त्या वेळी अमेरिकेबाहेर असलेल्या आणि व्हिसाचा शिक्का संपलेल्या माणसाला परतीची वाट बंद झाली. सुट्टीला म्हणून आलेल्या अशा माणसाचे भाड्याचे घर, मोटार, मुलांची शाळा सारे तिकडे, तो इकडे. अर्ज करणारी कंपनी तीच, नोकरीही शाबूत. तो हुकूम ३१ मार्च २०२१ पर्यंत चालू होता.