तबकडीची साक्ष

ताम्रपटांवरून राजांचा इतिहास लिहिता येतो. गवयाचा कशावरून लिहावा? गळा थांबला की साधन संपले, असेच शतकानुशतके चालत आले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्यास आली आणि ही स्थिती पालटली. त्या तबकड्या लाखेच्या असत. पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात, आणि ही झाडे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांना परकी नाहीत.

उदाहरणादाखल किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ घेऊ. जन्म १८७२, मृत्यू १९३७. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे दोन गट पडतात: पहिला १९०५ च्या सुमाराचा, दुसरा १९३४ नंतरचा ‘ओडियन’चा. पहिल्यातील गाणे जोरकस आणि वेगवान. दुसऱ्यातील आवाज मृदू, स्वरात विरघळणारा. यावरून खाँसाहेबांची गायकी पालटली, असा निष्कर्ष सहज निघतो.

पण साक्षीदाराची पारख आधी केली पाहिजे. १९०५ साली गवई कर्ण्यात गाई, आणि आवाजाच्या जोरानेच सुई हाले. हळुवार स्वर तिथे पोचतच नसे. १९२५ नंतर विजेचे मुद्रण आले आणि मायक्रोफोन कुजबुजही टिपू लागला. म्हणजे या फरकात काही वाटा वयाचा, काही यंत्राचा. शिवाय तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा विलंबित ख्याल तिच्यात शोधणे म्हणजे घागरीत वैनगंगा शोधणे होय.

मधली जवळजवळ तीस वर्षे तबकडी मुकी आहे. त्या काळात खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले, मिरजेस घर केले, म्हैसूर दरबारच्या वाऱ्या केल्या. या वाऱ्यांचा पुरावा मात्र उत्तरकालीन मुद्रिकांत सापडतो: त्यांत त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती आहे. आणि शिकवणीची साक्ष हवी असेल तर शिष्य सवाई गंधर्वांच्या मुद्रिका ऐकाव्यात.

तात्पर्य एवढेच की तबकडी खोटे बोलत नाही, पण सगळेही सांगत नाही. तिला प्रश्न विचारावे लागतात. आणि त्यासाठी ती आधी शाबूत हवी. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर एखादी पेटी पडली असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी तबकडीवरचा कागद वाचावा, मध्यभागी कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा. त्या आकड्यावरूनच उद्याचा अभ्यासक साल ठरवील. लाख ठिसूळ असते. फुटलेला ताम्रपट जुळवता येतो, फुटलेला स्वर नाही.