दार, तळघर आणि पिंजरा

यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने 1406 ते 1413 या काळात शिकारीवर एक पुस्तक सिद्ध केलं, ‘द मास्टर ऑफ गेम’. त्यातला बराचसा मजकूर गास्तों फेबुस या फ्रेंच सरदाराच्या जुन्या ग्रंथावरून घेतलेला आहे. तरी शिकारी कुत्र्यांच्या निवाऱ्याबद्दलचा भाग आज घरात पिल्लू आणणाऱ्यांनीही वाचावा असा आहे. निवाऱ्याला मागे दार हवं आणि ते उघडंच ठेवावं, म्हणजे वाटेल तेव्हा कुत्र्यांना बाहेर उन्हात जाता येईल. रोज सकाळी जागा झाडून घ्यावी. रात्री एका पोऱ्याने तिथेच झोपावं, म्हणजे कुत्री आपसात भांडणार नाहीत. शिवाय सहा लहान दगड रोवून त्यांना कुत्र्यांच्याच अंथरुणातलं गवत गुंडाळावं, म्हणजे कुत्री मुतायला त्या दगडांशी जातील. या सगळ्यात मारायचं किंवा कोंडायचं कुठेच सांगितलेलं नाही. कुत्र्याने कुठे जायचं हे माणसाने आधी ठरवलं आणि तिथे जाण्याची वाट मोकळी ठेवली. माझं म्हणणं एवढंच आहे की, पिल्लाला घराची सवय लावण्याचं शास्त्र सहाशे वर्षांपूर्वी एवढं पुढे आलेलं होतं. पुढच्या काळात ते विसरलं गेलं, कारण घरं बदलली आणि घरातली माणसं कमी झाली. कुत्री होती तशीच राहिली.

त्या दगडांचा उपयोग का होत असेल, याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1965 साली आलं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच ती साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पाय जरा स्थिरावले की पिल्लू झोपायच्या जागेपासून चार पावलं दूर सरकून मोकळं होऊ लागतं. साडेआठ आठवड्यांच्या आसपास ते ठरावीक जागा धरतं. म्हणजे ‘अंथरूण घाण करायचं नाही’ हा धडा पिल्लू आईजवळच शिकून येतं. माणसाने फक्त ‘अंथरूण’ या कल्पनेची हद्द दिवाणखान्यापर्यंत वाढवायची असते. त्याला वेळ लागतो, कारण पिल्लाच्या मते सोफ्यामागचा कोपरा म्हणजे परमुलूखच. जन्मापासून दुकानाच्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत बसावं लागलेल्या पिल्लाचा मात्र हा धडा पुसला जातो. त्याला मालक नंतर ‘हट्टी’ म्हणतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे.

कुत्रा निवाऱ्यातून माणसाच्या खोलीत आला तेव्हा दोन परंपरा पडल्या. एक राजाची. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या शयनगृहात त्याच्या लाडक्या स्पॅनिअल कुत्र्या वीत, पिल्लांना पाजत, आणि त्या वासाने दरबार हैराण होई, अशी नोंद रोजनिशीकार जॉन एव्हलिनने राजाच्या मृत्यूनंतर 1685 मध्ये केली आहे. झाडायला नोकर असले की शिस्त लावायची निकड उरत नाही. दुसरी परंपरा मध्यमवर्गाची, आणि तिचा मासला सॅम्युअल पेप्स या सरकारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीत सापडतो. कुत्रा घर घाण करतो म्हणून त्याला तळघरात टाकायचं, यावरून 1660 च्या नोव्हेंबरात नवरा-बायकोचं भांडण जुंपलं आणि त्या भांडणातच रात्र गेली. पेप्सने आपलंच खरं केलं. कुत्र्याने त्यातून काय शिकावं याचा विचार मात्र त्या नोंदीत नाही. गुन्हा झाला, तळघर मिळालं, विषय संपला. घाणीत नाक घासणं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून पाठीत हाणणं ही याच तळघराची पुढची पिढी म्हणायला हवी.

आज ज्याला क्रेट म्हणतात तो मुळात प्रवासाचा पेटारा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला 1859 साली कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. रेल्वेने गावं जोडलेली होती, त्यामुळे अशी प्रदर्शनं वाढली आणि स्पर्धेची कुत्री पेट्यांतून प्रवास करू लागली. पुढे विमानं आली आणि पेटीला मापाचे नियम आले. कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, आडवं होता यावं. अशी कुत्री पेटीत शांत झोपतात आणि पेटी कोरडी ठेवतात, हे प्रदर्शनवाल्यांना रोजच्या अनुभवातून कळत होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच पेटी अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात आली. त्या सुमाराला दोन गोष्टी अशा घडल्या की तिची गरज वाढावी. 1978 साली पार्व्हो हा विषाणू प्रथमच दिसला आणि बघता बघता जगभर पसरला. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर नेणं धोक्याचं झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याची घाण मालकानेच उचलण्याचा कायदा लागू झाला. शहराने कुत्र्याच्या शी-शूचा हिशेब मालकाच्या नावावर मांडायला सुरुवात केली ती अशी.

1980 च्या दशकात इयन डनबार यांच्यासारख्या पशुवैद्य-प्रशिक्षकांनी या पेटीला वेळापत्रकाची जोड दिली, आणि माझ्या मते खरी सुधारणा तीच. पिल्लू थोडा वेळ पेटीत झोपतं, उठल्याबरोबर त्याला ठरलेल्या जागी नेतात, तिथे मोकळं झालं की लगेच खाऊ आणि शाबासकी. खाल्ल्यानंतर, खेळून झाल्यावर, झोपेतून उठल्यावर पुन्हा तेच. पेटीचं काम पिल्लाला कधी ‘लागते’ याचा अंदाज माणसाला देण्यापुरतं. दार उघडणारा माणूस वेळेवर हजर नसेल तर अंदाजाचा उपयोग काय? तिथून पुढे ती पेटी म्हणजे पेप्सचं तळघरच, फक्त जाळीदार.

यावर नेहमीचं उत्तर असं की कुत्रा हा गुहेत राहणारा प्राणी आहे, त्याला बंदिस्त जागा आवडते. अर्धं खरं आहे. लांडगीण आणि गावकुत्री विण्यापुरती आडोसा शोधतात. पण लांडग्याची पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की गुहा सोडतात आणि मोकळ्या जागी राहतात. नेमक्या त्याच वयात आपण पिल्लू विकत घेतो आणि त्याला ‘गुहेत’ घालतो! शिवाय निसर्गातल्या गुहेला बाहेरून कडी नसते. पिल्लाला पेटी आवडू शकते, हे मान्य. पण दार उघडं असताना आत खाऊ ठेवून, दिवसागणिक मिनिटं वाढवत ती आवड लावावी लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. स्वीडनमध्ये प्रवास, प्रदर्शन असे अपवाद सोडले तर कुत्र्याला घरी पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे, आणि घरातल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं, अशी अपेक्षा आहे. तिथली कुत्रीही घराची शिस्त शिकतातच, मग पेटी हवीच कशाला? हा आक्षेप मला बराचसा पटतो. पेटीशिवाय काम भागतं, वेळापत्रकाशिवाय भागत नाही, हेच त्यातून सिद्ध होतं. तरीही मी पेटी टाकाऊ म्हणणार नाही. विजेच्या वायरी चावणारं, सातव्या मजल्याच्या गॅलरीत धावणारं पिल्लू पाच-दहा मिनिटं नजरेआड असतं, तेव्हा पेटी त्याचा जीव वाचवते. दवाखान्यात न्यायचं असो की रेल्वेने गावाला जायचं असो, पेटीची सवय असलेलं पिल्लू घाबरत नाही. फक्त आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढावा, कारण तो जाळीत अडकून फास बसतो. आणि एप्रिल-मेच्या उन्हात पेटी गॅलरीत कधीही ठेवू नये.

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे. कुत्रा ओसरीच्या पायरीशी, गोठ्यात, नाहीतर शेताच्या राखणीला असे. दार उघडंच असल्यामुळे त्याला काही शिकवावं लागलं नाही. फ्लॅटमध्ये तो आला तेव्हा पेटी तयार मालासारखी आली आणि वेळापत्रक दुकानातच राहिलं. कायदा मात्र जुना आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही तर तोही. त्याच कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी केली.

दोघंही नोकरीला जातात, घरी कोणी नसतं, मग आम्ही काय करायचं, असं विचारणाऱ्यांना फसवण्यात अर्थ नाही. दिवसा पिल्लाला साधारण त्याच्या वयाच्या महिन्यांइतके तास, फार तर एखादा अधिक, धरवतं, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दोन-तीन तास आणि नोकरीचे नऊ-दहा तास यांचा मेळ कोणतीही पेटी घालू शकत नाही. पहिले दोन-तीन महिने दर काही तासांनी दार उघडायला घरात माणूस नसेल, तर पिल्लू आणू नका. निवारागृहातून दोन-तीन वर्षांचं, धरायला शिकलेलं कुत्रं आणा, आणि त्यालाही दुपारी बाहेर नेणारं कुणीतरी आधी ठरवून ठेवा.