जन्माचा फासा : भूमिकाखेळ आणि सामाजिक स्तर

'कादंबरीतील सामाजिक स्तर स्पष्ट करा', असा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. उत्तरपत्रिकांत तो बहुधा एका वाक्यात निकालात निघतो : नायक गरीब शेतकरी कुटुंबातला, त्याला छळणारा सावकार. मग लगेच कथानक. स्तर हे पात्राच्या नावाआधीचे एक विशेषण ठरते. तो पात्राला काय करू देतो आणि काय करू देत नाही, हा मुद्दा राहूनच जातो. हा मुद्दा टाळणे ज्यांना परवडत नाही, अशी एक मंडळी मात्र आहे. ती साहित्यिकांची नव्हे, खेळ रचणाऱ्यांची आहे.

ज्याला इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, त्याला येथे भूमिकाखेळ म्हणू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण निवेदक आणि पंच अशा दुहेरी नात्याने कल्पित जग उभे करतो; बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जगात आपण काय करतो ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराची छापील परंपरा सुरू झाली. त्यात 'क्लास' हा शब्द पदोपदी येतो, पण त्याचा अर्थ सामाजिक वर्ग असा नाही. लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक हे तेथले तीन 'क्लास'. मराठी वाचकाला वर्णव्यवस्था आठवणे साहजिक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. पात्राचा बाप कोण, हे येथे कोणी विचारत नाही. तळघरांतून सोने आणावे, त्यासोबत अनुभवाचे गुण मिळवावेत, पायऱ्या चढाव्यात. नवव्या पायरीवर लढवय्या 'लॉर्ड' होतो, गढी बांधतो आणि कर वसूल करू लागतो. गढ्या आणि सरदार ही सामग्री मध्ययुगीन युरोपची. कर्तबगार माणसाला जन्म आडवा येत नाही, हा विश्वास मात्र आधुनिक अमेरिकेचा.

दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' आला. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक होते आणि उर्दूची पाठ्यपुस्तके त्यांनी लिहिली होती. त्यांच्या कल्पित साम्राज्यात माणसाची ओळख त्याच्या कुळावरून ठरते. खेळणारे मात्र कोणत्याच कुळाचे नसतात. ते परके म्हणून जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात आणि परक्यांसाठी राखलेल्या वस्तीत राहतात. शिष्टाचाराची चूक तेथे जिवावर बेतू शकते. बार्कर यांनी या साम्राज्याची भाषाही रचली, आणि तीत समोरच्याला संबोधण्याची अनेक सर्वनामे ठेवली. कोणते वापरायचे ते दोघांच्या दर्जावर अवलंबून. उर्दूचा 'तू, तुम, आप' हा क्रम जाणणाऱ्याला हे सुचावे यात नवल नाही, आणि 'तू, तुम्ही, आपण' यांत वाढलेल्या आपल्याला ते समजावून सांगावेही लागत नाही. स्तर हा तिजोरीत असण्याआधी तोंडात असतो, हे या खेळाने फार लवकर ओळखले.

पण येथे थांबता येत नाही. बार्कर २०१२ मध्ये निवर्तले. १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक नवनाझी कादंबरी त्यांचीच होती, हे त्यांच्या निर्मितीचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. उतरंडीचे बारीक ज्ञान म्हणजे उतरंडीला विरोध नव्हे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९७७ मध्ये कॅनडातील एडवर्ड सिम्बालिस्ट आणि विल्फ बॅकहाउस यांनी 'शिव्हलरी अँड सॉर्सरी' प्रसिद्ध केला. मध्ययुग दाखवायचे तर सरंजामशाही दाखवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणून पात्र घडवताना सुरुवातीलाच जन्माचा फासा : बाप भूदास, कारागीर की सरदार, आपण कितवे अपत्य, घरात आपली पत काय. इतिहासाच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्यातून एक पेच उभा राहिला. एकाच्या वाट्याला सरदारपुत्र आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला भूदासाचे पोर, तर दोघे एकाच मोहिमेवर कसे निघणार? दरबारात एक बोलेल. दुसरा घोडे धरून बाहेर उभा राहील. नियम इतिहासाशी प्रामाणिक राहिला, पण त्या संध्याकाळी खरा खेळ एकच जण खेळला.

या पेचावर स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' या खेळाने १९८६ मध्ये व्यापारी तोडगा दिला. प्रत्येकाला सारखेच गुण; त्यांतून दर्जा विकत घ्यायचा, आणि हलका दर्जा पत्करल्यास काही गुण परत मिळवून ते बुद्धी, बळ किंवा कौशल्य यांवर खर्चायचे. टेबलावर न्याय झाला. पण या हिशेबाने खाली जन्मलेल्याला त्या जन्माची भरपाई आधीच दिलेली असते. वास्तवात अशी भरपाई कोणी देत नाही; उलट हलका दर्जा कौशल्य शिकण्याची संधीच हिरावतो. गरीब पण गुणी नायक आपल्या कथा-चित्रपटांतही इतका सुखावह का वाटतो, याचे उत्तर या जमाखर्चात सापडते, असे आम्हांला वाटते.

तिसरी वाट १९८७ च्या 'आर्स मॅजिका'ची. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी त्यात विषमता जशीच्या तशी ठेवली : जादूगार वर, त्यांचे सोबती मध्ये, पहारेकरी आणि नोकर तळाशी. बदलली ती पात्रांची वाटणी. प्रत्येकाकडे एकाहून अधिक पात्रे असतात, आणि पहारेकरी तर सर्वांचे सामाईक. आज जादूगार म्हणून हुकूम सोडणारा पुढच्या बैठकीत दुसऱ्याचा भालाईत होऊन थंडीत उभा राहतो. अन्याय नाहीसा होत नाही, पण तो दोन्ही बाजूंनी अनुभवावा लागतो.

विषमता खेळायला घेणे म्हणजे तिला करमणूक बनवणे, असा आक्षेप येथे येऊ शकतो. तो निराधार नाही. ज्याने ती घरीच भोगली आहे त्याला तिचा खेळ नकोसा वाटला, तर तो त्याचा हक्क आहे. तरीही जन्माच्या फाशाचा एक गुण आम्हांला मोलाचा वाटतो. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो. सरदारपुत्र ज्याच्या वाट्याला आला, त्याला 'हे मी कमावले' असे त्या टेबलावर तरी म्हणता येत नाही.

या वाचनानंतर आम्ही वर्गात प्रश्नाची भाषा बदलली. पात्राचा स्तर कोणता, असे आता विचारत नाही. या पात्राला कोणत्या दारातून आत जाता येत नाही, कोणाला 'तू' म्हणता येत नाही, आणि तसे केलेच तर त्याची किंमत कोण मोजतो, असे विचारतो. उत्तरे एका वाक्यात संपत नाहीत.