वितळलेला माणूस आणि उरलेला मफलर

एका लहान मुलाने अंगणात बर्फाचा माणूस केला. रात्री तो जिवंत झाला, घरात आला, मुलाला घेऊन आकाशात उडाला. सकाळी मूल धावत बाहेर आले तेव्हा अंगणात बर्फाचे ढेकूळ, टोपी आणि मफलर एवढेच उरले होते. रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकाराच्या ‘द स्नोमॅन’ या पुस्तकाची गोष्ट इतकीच. १९७८ साली निघालेल्या या पुस्तकात गोष्ट सांगणारा एकही शब्द नाही. चारच वर्षांनी त्यावर २६ मिनिटांचा चित्रपट निघाला आणि त्याचा शेवट किंचित बदलला. तो बदल दिसायला लहान आहे, पण चित्रांच्या पुस्तकाचा चित्रपट होताना काय मिळते आणि काय हरवते, हे त्या एका बदलातून समजते.

आधी पुस्तकाकडे पाहू. ब्रिग्जचे वडील घरोघर दूध पोचवीत. १९७१ मध्ये त्याचे आई आणि वडील दोघेही गेले; १९७३ मध्ये पत्नी गेली. पुढे १९७७ मध्ये त्याचे ‘फंगस द बोगीमॅन’ आले. त्यात चिखल, शेवाळ, घाण आणि शब्दांची नुसती गर्दी. दोन वर्षे त्या राड्यात काढल्यावर त्याला काहीतरी स्वच्छ, शांत आणि शब्दांवाचून करावेसे वाटले. त्यातून हे पुस्तक आले. शाईच्या ठाशीव रेषा त्याने टाळल्या आणि सगळे काम रंगीत पेन्सिलींनी केले. त्यामुळे प्रत्येक चित्रावर धुक्याचा पातळ पडदा असल्यासारखे वाटते. पानापानावर लहान लहान चौकटी आहेत. कुठल्या चौकटीवर किती वेळ थांबायचे, हे वाचणाऱ्या मुलाच्या हाती.

याच ठिकाणी आपल्याकडची एक गोष्ट आठवते. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांची एक पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने प्रसंग गाऊन सांगतो. चित्र हलत नाही, हलतो तो आवाज. आणि समोरची माणसे गुंतली तर कथेकरी तेच चित्र आणखी थोडा वेळ धरू शकतो. छापील पुस्तकात ही सत्ता वाचकाकडे जाते, चित्रपटात मात्र ती दोघांकडेही राहत नाही. एकदा फिल्म सुरू झाली की वेळ तिच्या हाती जातो.

‘द स्नोमॅन’ची फिल्म लंडनच्या टीव्हीसी या स्टुडिओने केली. बीटल्सची ‘यलो सबमरीन’ (१९६८) त्यांचीच. निर्माते जॉन कोट्स; दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचे. एवढ्या लांबीचे काम त्या प्रथमच करत होत्या, म्हणून जिमी मुराकामी हे अनुभवी दिग्दर्शक देखरेखीला होते. मार्च १९८२ मध्ये आठ मिनिटांचा कच्चा आराखडा, म्हणजे ओळीने लावलेली रेखाटने आणि सोबत हॉवर्ड ब्लेक यांचे पियानोवादन, चॅनेल फोरच्या अधिकाऱ्यांना दाखवण्यात आला. ही वाहिनी तेव्हा सुरूही झाली नव्हती. ती नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि २६ डिसेंबर १९८२ रोजी तिच्यावर ही फिल्म दिसली.

पहिला प्रश्न पेन्सिलीचा होता. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी २६ मिनिटांना अठरा हजारांहून अधिक चित्रे होतात. सपाट रंग भरायचा असता तर काम सोपे झाले असते. पण सपाट रंगात ब्रिग्जचे धुके गेले असते. म्हणून पारदर्शक पत्र्यांवर खडूसारखा पोत हाताने भरला गेला. प्रत्येक चित्रातला पोत आधीच्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पडद्यावर रंग सतत किंचित थरथरतो. पुस्तकातला बर्फ निश्चल आहे. फिल्ममधला बर्फ श्वास घेतो.

दुसरा प्रश्न लांबीचा. मूळ गोष्ट २६ मिनिटे पुरणारी नव्हती. पुस्तकात दोघे ब्रायटनच्या समुद्रावरच्या धक्क्यापर्यंत उडतात आणि परततात. फिल्मने त्यांना थेट उत्तरेच्या बर्फात नेले. तिथे बर्फाच्या माणसांची मेजवानी आहे, फादर ख्रिसमस आहे. तो मुलाला एक मफलर भेट देतो. पुस्तकात नाताळचा मागमूसही नाही. ब्रिग्जला ही भर मुळीच रुचली नव्हती. मात्र ती चालून गेली हे त्याने नाकारले नाही. संवाद मात्र फिल्मनेही टाळले. सगळ्या फिल्ममध्ये उड्डाणाच्या वेळचे एक गाणे, तेवढेच शब्द. ते पीटर ऑटी या मुलाने गायले, पण मूळ श्रेयनामावलीत त्याचे नाव नव्हते. १९८५ मध्ये अ‍ॅलेड जोन्सच्या आवाजात ते लोकप्रिय झाले आणि मूळ आवाज कोणाचा, याचा लोकांत कायमचा घोळ झाला.

आता शेवट. पुस्तकातल्या मुलाजवळ रात्रीची काहीच खूण उरत नाही. ते स्वप्न असेलही. फिल्ममधला मुलगा खिशात हात घालतो आणि फादर ख्रिसमसने दिलेला मफलर हाती येतो. म्हणजे रात्र खरी होती! वरवर पाहता हा दिलासा आहे. मुलांसाठी औषधावर साखर लावावी तसा. पण जरा थांबून पाहिले तर उलटेच दिसते. स्वप्नातला मित्र गेला तर डोळे चोळून उठता येते. मफलर हातात असलेल्या मुलाला ती पळवाट नाही. त्याचा मित्र खरोखर होता आणि खरोखर गेला. फिल्म त्याला वितळलेल्या बर्फापाशी गुडघ्यांवर बसवते आणि संपते. समजूत घालायला कोणी येत नाही.

सुखान्त आपल्याला जमत नाही, जे अटळ तेच आपण काढतो, अशी ब्रिग्जची भूमिका होती. बर्फ वितळतो, तशी आई-वडीलही जातात, हे मुलांना कळलेच पाहिजे असे तो मानी. फिल्मने नाताळ आणला, मेजवानी आणली, गाणे आणले. पण बर्फाच्या माणसाला वाचवले नाही. तो मोह तिने टाळला, म्हणूनच एवढी भर घालूनही ती मूळ पुस्तकाशी इमान राखते. तिला बाफ्ता पुरस्कार मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले. त्या वर्षीचे ऑस्कर ‘टँगो’ या पोलिश लघुपटाकडे गेले.

पुस्तकाची पाने जशीच्या तशी हलवली म्हणजे रूपांतर प्रामाणिक होते, असा समज आपल्याकडेही आहे. पिंगुळीचा कथेकरी तसे मानत नव्हता. पोथीतले चित्र तेच, पण प्रत्येक रात्री गाणे थोडे वेगळे. आख्यानाचा शेवट मात्र तो बदलत नसे. मुलांसाठी गोष्ट पडद्यावर नेणाऱ्याने एवढे पाळले तरी खूप झाले. वाटेत हवे तेवढे फिरवावे, पण सकाळी मुलाला अंगणात नेल्यावाचून राहू नये.