पोटातलं पाणी, छातीतला श्वास

बुडालेल्याला काठावर आणलं की गर्दीतून पहिली हाक येते ती 'पालथा घाला, पोट दाबा!' अशीच. कृष्णाकाठी हरिपूरपासून वरच्या गावांपर्यंत पुरात गुळाची काहीलसुद्धा नावेसारखी हाकणारी धाडसी माणसं आहेत. ती पाण्यातून जीव वाचवतात. घात होतो तो काठावर.

ही चूक एकट्या कृष्णाकाठाची नाही. युरोपात बुडालेल्याला पिंपावर आडवा घालून लोळवत. आम्स्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली. तिथे तोंडाने श्वास देण्याबरोबरच गुदद्वारातून तंबाखूचा धूर भात्याने भरला जाई. तंबाखूचं विष हृदय बंद पाडतं, हे इंग्रज शल्यविशारद ब्रोडी यांनी १८११ मध्ये दाखवलं. पुढे १८५८ मध्ये सिल्वेस्टर यांनी रुग्णाला उताणं ठेवून हात डोक्यामागे ओढायची आणि मग छातीवर दाबायची रीत सांगितली. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं, तेव्हा हीच रीत रूढ होती. शेफर यांनी १९०३ मध्ये रुग्णाला पुन्हा पालथं घातलं आणि पाठ दाबायला शिकवलं. तोंडाने दिलेला श्वासच सरस, हे १९५०च्या दशकात एलम आणि सफार या डॉक्टरांनी सिद्ध केलं. १९६० मध्ये छातीवरच्या दाबांची जोड मिळाली.

फुप्फुसात पाणी बहुधा थोडंच जातं. पण तेवढंही तिथल्या वायुकोशांना उघडं ठेवणारा पातळ थर धुऊन टाकतं. वायुकोश मिटतात, रक्ताला प्राणवायू मिळत नाही आणि काही मिनिटांत मेंदूला इजा होते. बाहेर येताना दिसणारं पाणी बरंचसं पोटातलं असतं. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते. म्हणून श्वास थांबलेल्याला उताणं ठेवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून आधी पाच श्वास द्यायचे. तरी हालचाल नसेल तर छातीवर तीस दाब, दोन श्वास, असं चालू ठेवायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं आणि ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची नाव उलटली. अशा वेळी हा उपचार येणारं माणूस काठावरच लागतं. नदीपासून आत असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मात्र प्रथमोपचार शिकलेली माणसं आहेत, कारण १९४८चा कारखाने कायदा प्रथमोपचाराच्या पेटीवर प्रशिक्षित माणूस मागत असे. पुराच्या दिवसांत ही माणसं घाटावर हवीत. शुद्धीवर आलेल्यालाही घरी धाडू नये: खोकला, धाप किंवा गुंगी पुढच्या काही तासांत वाढू शकते, म्हणून त्याला रुग्णालयात प्राणवायू देऊन निदान सहा-आठ तास नजरेखाली ठेवतात.