तल्लफ, श्वास आणि यंत्र : बायोफीडबॅकचा व्यसनमुक्तीपर्यंतचा प्रवास

१/ व्यसन सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सारे जण सांगतात, ‘मनावर ताबा ठेव.’ तो कसा ठेवायचा, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बायोफीडबॅकचा इतिहास म्हणजे या ‘कसा’चे उत्तर शोधण्याची सुमारे ६० वर्षांची धडपड. #थ्रेड

२/ १९५८, शिकागो विद्यापीठ. मानसशास्त्रज्ञ जो कामिया डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवत होते. घंटा वाजली की ‘या क्षणी अल्फा लहर आहे की नाही’ एवढेच तिने ओळखायचे. उत्तर बरोबर की चूक, हे लगेच सांगितले जाई. काही दिवसांच्या सरावाने बहुतेक उत्तरे बरोबर येऊ लागली.

३/ तत्त्व साधे होते. एरवी न जाणवणारी शारीरिक क्रिया यंत्राने त्याच क्षणी दाखवली, तर माणूस ती बदलायला शिकू शकतो. १९६९ मध्ये या विषयाची संशोधन-संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

४/ व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात खळबळ उडाली ती १९८९ मध्ये. यूजीन पेनिस्टन आणि पॉल कुलकोस्की यांनी दीर्घकाळ मद्याच्या आहारी गेलेल्या रुग्णांना अल्फा-थीटा लहरींचे प्रशिक्षण दिले. १३ महिन्यांनंतरही १० पैकी ८ जण व्यसनापासून दूर राहिल्याचे त्यांनी नोंदवले.

५/ पण १० जणांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. गट लहान होता आणि प्रशिक्षणासोबत इतर उपचारही चालू होते. मग सुधारणेचे श्रेय नेमके कशाला द्यायचे? टीकाकारांचा हा आक्षेप रास्तच होता.

६/ दरम्यान लक्ष मेंदूकडून हृदयाकडेही वळले. श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते. मिनिटाला साधारण ६ श्वासांच्या लयीत हा चढउतार सर्वाधिक होतो. पडद्यावर तो पाहत प्रत्येकाने आपली लय शोधायची, ही पद्धत एव्हगेनी वाश्चिलो आणि पॉल लेहरर यांनी विकसित केली.

७/ न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने व्यसनातून सावरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९८८ मध्येच स्वतंत्र वसतिगृह सुरू केले होते. तेथील संशोधकांनी २०१४ मध्ये उपचार घेणाऱ्या ४८ तरुणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. श्वासाचे प्रशिक्षण घेतलेल्यांची तल्लफ सरासरीने अधिक घटली. पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

८/ २०१८ मध्ये त्यांनी हीच पद्धत महाविद्यालयीन वसतिगृहांतील अशा विद्यार्थ्यांसाठी तपासली, तीही ‘पूरक’ उपाय म्हणून. १९८९ च्या दाव्यांच्या तुलनेत हा शब्द विनम्र आहे, आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

९/ तल्लफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंतची काही मिनिटे निभावण्यासाठी श्वासाची लय हाताशी असणे, हे या तंत्राचे खरे देणे. पण त्या मिनिटांनंतर लागतात समुपदेशक, औषधोपचार आणि सोबतीला राहणारी माणसे. केवळ यंत्राच्या बळावर ‘हमखास मुक्ती’ विकणाऱ्या जाहिरातींना हा इतिहास दुजोरा देत नाही. (समाप्त)