चौथा माणूस : 'अर्जुन' रणगाडा इतका वजनदार का झाला?

१/
अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. वय अवघे एकवीस. सेंच्युरियन हा चौघांचा रणगाडा : कमांडर, तोफ डागणारा गनर, चालक आणि तोफेत गोळा भरणारा लोडर.

२/
यांतला चौथा माणूस, लोडर, युद्धकथांत क्वचितच दिसतो. तथापि भारताने स्वतः घडवलेल्या 'अर्जुन' या मुख्य लढाऊ रणगाड्याचा आकार, त्याचे वजन आणि त्याच्याभोवती दीर्घकाळ चाललेला वाद समजून घ्यायचा असेल, तर प्रारंभ याच माणसापासून करावा लागतो.

३/
मुख्य लढाऊ रणगाड्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : मारा, संरक्षण आणि गती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हलके, मध्यम आणि जड असे निरनिराळे रणगाडे ही कामे वाटून घेत. पुढे एकाच वाहनाने सर्व करावे, हा विचार रूढ झाला. मात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींशी भांडतात. चिलखत जाड करावे तर वजन वाढते. वजन वाढले की गती घटते. गती राखायची तर मोठे इंजिन लागते आणि त्या इंजिनालाही पुन्हा चिलखत द्यावे लागते.

४/
वजनाचा धडा भारतीय सैन्याने शत्रूच्या बाजूनेही पाहिला होता. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे पाण्याने भिजवलेल्या शेतांत रुतले आणि भारतीय तोफांचे भक्ष्य ठरले. चेन्नईजवळील आवडी येथे त्याच काळात ब्रिटिश आराखड्यावर आधारित 'विजयंत' तयार होऊ लागला होता. सुमारे ३९ टन वजन, १०५ मिलिमीटरची तोफ आणि आत चौघे.

५/
विजयंतनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर देशातच शोधायचे ठरले. १९७२ मध्ये लष्कराने नव्या रणगाड्याचे निकष मांडले आणि १९७४ मध्ये सुमारे साडेपंधरा कोटी रुपयांच्या तरतुदीसह प्रकल्पाला मंजुरी मिळाली. जबाबदारी आवडीच्या लढाऊ वाहन संशोधन व विकास संस्थेकडे आली. आरंभी डोळ्यांसमोर होते ते सुमारे ४० टनांचे वाहन.

६/
परंतु युद्धाचे स्वरूपच बदलत होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्तच्या पायदळाने खांद्यावरून वाहून नेता येणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची मोठी हानी केली. नुसते पोलाद आता पुरेसे नव्हते. पश्चिमेत लेपर्ड-२ आणि अब्राम्स हे संमिश्र चिलखताचे, पन्नास टनांपलीकडचे रणगाडे आकाराला आले. भारतीय लष्कराच्या अपेक्षाही वाढल्या : १२० मिलिमीटरची तोफ, अधिक भक्कम चिलखत, रात्रीही अचूक मारा. कागदावरचे निकष बदलत गेले आणि आराखडा त्यांच्यामागे धावत राहिला.

७/
सोव्हिएत अभियंत्यांनी मात्र वेगळी वाट धरली होती. त्यांनी चौथा माणूसच काढून टाकला. टी-७२ मध्ये बुरुजाच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीत २२ गोळे रचलेले असतात. यंत्र हवा तो गोळा उचलून तोफेत भरते. माणूस नाही, म्हणून त्याला लागणारी जागा नाही. जागा नाही, म्हणून बुरूज लहान. बुरूज लहान, म्हणून चिलखताने झाकायचे क्षेत्र कमी. परिणामी १२५ मिलिमीटरची तोफ बाळगूनही टी-७२ चे वजन सुमारे ४१ टनांवर राहिले.

८/
'अर्जुन'ची साखळी नेमकी उलट दिशेने चालते. लोडरला हालचालीसाठी, जड गोळा वळवून तोफेत सारण्यासाठी जागा हवी. त्यासाठी बुरूज उंच आणि रुंद हवा. तो झाकण्यासाठी अधिक चिलखत हवे. हैदराबादच्या कांचनबागेतील प्रयोगशाळेने विकसित केलेले आणि त्या परिसराच्या नावाने ओळखले जाणारे 'कांचन' चिलखत चढले आणि पहिल्या आवृत्तीचे वजन साडेअठ्ठावन्न टनांवर पोहोचले. मूळ कल्पनेच्या जवळजवळ दीडपट!

९/
हे वजन ओढायचे कशाने? १५०० अश्वशक्तीचे देशी इंजिन बनवण्याचा बेत होता. त्यातून अपेक्षित शक्ती मिळू शकली नाही. अखेरीस १४०० अश्वशक्तीचे जर्मन इंजिन स्वीकारावे लागले. गिअरची यंत्रणाही जर्मनच. स्वदेशी रणगाड्याच्या पोटात परदेशी हृदय, ही टीका तेव्हापासून सुरू झाली.

१०/
तोफेचे श्रेय मात्र पुण्याकडे जाते. पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ विकसित केली. बहुतेक आधुनिक रणगाड्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात. हिच्या नळीत पिळाच्या खाचा आहेत. त्या खाचा गोळ्याला गरगर फिरवतात. बंकर व इमारतींवर डागल्या जाणाऱ्या स्फोटक गोळ्याला हे फिरणे मानवते. चिलखत भेदणारा बाणासारखा गोळा मात्र शेपटीच्या पंखांवर स्थिर राहतो. त्याला फार फिरू द्यायचे नसते. म्हणून त्याच्याभोवती घसरते कडे बसवतात : कडे खाचांबरोबर फिरते, बाण जवळपास सरळ जातो.

११/
यंत्र जे करू शकते, त्यासाठी माणूस कशाला ठेवायचा? उत्तर तोफेपुरते नाही. यंत्र बिघडले तर रणगाडा जवळपास मुका होतो. तुटलेला पट्टा वाळवंटात जोडताना, रात्री पहारा देताना, इंधन व दारूगोळा भरताना तिघे आणि चौघे यांत मोठा फरक पडतो. लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, झोपेविना, तो फरक अधिक जाणवतो.

१२/
दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टी-७२ मध्ये माणसे दारूगोळ्याच्या वरच बसतात. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी टी-७२ चे बुरूज उडून पडल्याची दृश्ये जगाने पाहिली. दोष केवळ तळाच्या चकतीचा नव्हता. आत इतरत्र रचलेले जादा गोळेही पेट घेत. अर्जुनच्या सुधारित आवृत्तीत दारूगोळा स्वतंत्र झडपांच्या बंद कप्प्यांत ठेवण्याची सोय आहे. माणूस आणि स्फोटके यांच्यामध्ये भिंत उभी करायची, तर तिलाही जागा लागते आणि तिचेही वजन असते.

१३/
या वजनाची किंमत रणांगणाबाहेर मोजावी लागली. वाळूत अर्जुन अडखळत नाही. रुंद पट्ट्यांमुळे त्याचा जमिनीवरील दाब हलक्या रशियन रणगाड्यांच्या आसपासच राहतो. परंतु पुलाला पट्ट्यांची रुंदी पाहून चालत नाही, त्याला एकूण भार पेलावा लागतो. पंजाबच्या कालव्यांवरील पूल, लष्कराचे पूल टाकणारे ताफे, रणगाडे वाहणारे ट्रेलर हे सारे चाळीस-पंचेचाळीस टनांच्या हिशेबाने उभे राहिले होते. ३.८६ मीटर रुंदीच्या या वाहनासाठी रेल्वेला खास वॅगनी तयार कराव्या लागल्या.

१४/
दरम्यान तिघांचा रणगाडा भारतात रुजला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून टी-७२ येऊ लागले आणि पुढे आवडीतच 'अजेय' नावाने बनू लागले. अर्जुनचा पहिला नमुना आला १९८४ मध्ये. १२४ अर्जुनांची मागणी नोंदवली गेली २००० मध्ये. २००१ मध्ये ३१० टी-९० रणगाड्यांचा रशियाशी करार झाला. २००४ मध्ये पहिले पाच अर्जुन लष्कराला मिळाले आणि २००९ मध्ये ४३ आर्मर्ड रेजिमेंट ही अर्जुनने सुसज्ज झालेली पहिली रेजिमेंट ठरली. निकष मांडल्यापासून सदतीस वर्षांनी!

१५/
मार्च २०१० मध्ये राजस्थानात अर्जुन आणि टी-९० यांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. त्यानंतर आणखी अर्जुन घेण्याचा निर्णय झाला, पण सुधारणांच्या अटींसह. त्यातून साकारलेला 'अर्जुन मार्क-१ ए' १४ फेब्रुवारी २०२१ रोजी चेन्नईत पंतप्रधानांच्या हस्ते तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्याकडे सुपूर्द झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११८ रणगाड्यांसाठी ७,५२३ कोटी रुपयांची मागणी नोंदवली गेली.

१६/
नव्या आवृत्तीत ७२ सुधारणा आहेत आणि वजन सुमारे ६८ टन. इंजिन मात्र तेच, १४०० अश्वशक्तीचे. गणित सोपे आहे : पूर्वी प्रत्येक टनामागे सुमारे २४ अश्वशक्ती मिळत, आता साधारण साडेवीस. साडेशेचाळीस टनांचा, १००० अश्वशक्तीचा टी-९० याबाबतीत किंचित पुढे जातो. त्रिकोणाची एक बाजू ताणली की दुसरी आखडते, ती अशी.

१७/
२०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये तणाव वाढला तेव्हा डोंगरांत चढले ते टी-७२ आणि टी-९०. त्या अनुभवातून 'जोरावर' या २५ टनांच्या हलक्या रणगाड्याचा प्रकल्प पुढे आला. त्याचा पहिला नमुना २०२४ मध्ये गुजरातमधील हजिरा येथे दाखवण्यात आला. त्यात तिघेच बसतात. गोळा यंत्र भरते.

१८/
म्हणून 'अर्जुन चांगला की वाईट' हा प्रश्न अपुरा आहे. चौथ्या माणसाला जागा देणे हा विचारपूर्वक केलेला आणि त्या माणसांच्या जिवाला जपणारा निर्णय होता. मात्र तो निर्णय आवडीत झाला आणि त्याच काळात पूल, ट्रेलर, कोठारे व प्रशिक्षण यांची घडी तिघांच्या हलक्या रणगाड्याभोवती बसत गेली. अर्जुन तयार झाला तेव्हा त्याच्यापुढे शत्रूच्या तोफेआधी आपल्याच कालव्यांवरचे पूल उभे होते.